थंड प्रदेशातली फुलबाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा कडक आणि हंगाम तोकडा असला की बागेबद्दलच्या शंका फिरून फिरून त्याच येतात. पहिले काही प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढे अपवाद आणि अडचणीची प्रकरणं. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे. "फ्रॉस्ट" म्हणजे पारा शून्याखाली जाऊन दव गोठणं.

१. थंड प्रदेश आणि छोटा हंगाम हे एकच ना?

नाही, आणि बागेतल्या निम्म्या चुका या गल्लतीतून होतात. बहुवार्षिक झाडाची मुळं जगणार की मरणार हे हिवाळ्यातल्या नीचांकी पाऱ्यावर ठरतं. हंगामी झाडाला फुलायला सवड मिळणार का, हे वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि शरदातला पहिला फ्रॉस्ट यांच्या मधल्या दिवसांवर ठरतं. हे दिवस ९० ते १२० असतील तर हंगाम छोटाच म्हणायचा. आणि तिसरी गोष्ट, उन्हाळा तापतो किती? कॅनडातल्या विनिपेगला हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली उतरतो, पण जुलैत दुपारी २५ च्या वर जातो. आइसलंडमधल्या रेकयाविकचा हिवाळा त्यामानाने सौम्य, पण जुलैतही दुपारचं तापमान १४-१५ च्या आसपासच. त्यामुळे झिनिया विनिपेगला थाटात फुलते आणि रेकयाविकला कुढत बसते. पॅन्सीचं बरोबर उलटं. "आमच्याकडे फार थंडी" एवढ्यावरून कुणीही नेमका सल्ला देऊ शकत नाही. या तिन्ही गोष्टी आधी माहीत करून घ्या.

२. रोपाच्या चिठ्ठीवर "झोन ३", "झोन ४" लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं?

अमेरिकेच्या कृषी खात्याने हा नकाशा १९६० साली पहिल्यांदा काढला. २०२३ ची आवृत्ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर बेतलेली आहे. प्रत्येक वर्षातलं सर्वांत कमी तापमान घेऊन त्यांची सरासरी काढली की झोन मिळतो. झोन ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४, झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९. झोनचा आकडा जितका लहान, तितकं झाड काटक.

ही सरासरी आहे हे विसरू नका. एखादा हिवाळा तिच्या खाली जातोच. पंधरा-वीस वर्षं जागेवर राहावं असं वाटणारं झाड घेताना आपल्या झोनपेक्षा एक आकडा खालचं घ्यावं, असं माझं मत आहे. शिवाय उन्हाळा किती तापतो, बर्फाचं पांघरूण किती टिकतं, हिवाळ्यात माती चिखल होते का, यातलं काहीही झोन सांगत नाही. लॅव्हेंडर थंडीपेक्षा ओल्या मातीनेच जास्त मरते.

३. पहिल्याच वर्षी काय लावू?

पॅन्सी, कॅलेंड्युला, स्नॅपड्रॅगन, ॲलिसम. थोडंफार गार सोसणारी आणि झटपट फुलणारी ही मंडळी आहेत. उन्हाळा बऱ्यापैकी तापत असेल तर झेंडू आणि कॉसमॉसही लावा. सोबत बहुवार्षिकांपैकी दोन-तीनच: सायबेरियन आयरिस, डेलिली, पिओनी. पहिल्या वर्षी पिओनीकडून फुलाची अपेक्षा नको (प्रश्न १२).

४. बी घरात कधी पेरायचं?

शेवटच्या फ्रॉस्टच्या तारखेपासून मागे मोजायचं. लोबेलिया, पिटुनिया आणि पॅन्सीला १० ते १२ आठवडे लागतात, स्नॅपड्रॅगनला ८ ते १०, झेंडूला ६ ते ८, झिनिया आणि कॉसमॉसला ४ ते ६. शेवटचा फ्रॉस्ट साधारण २५ मेला होत असेल, तर झेंडूचं बी ३० मार्च ते १३ एप्रिलच्या दरम्यान पडलं पाहिजे.

घाई करून फायदा होत नाही. फेब्रुवारीत पेरलेला झेंडू ट्रेमध्येच कळी धरतो, त्याच्या मुळांचं भेंडोळं होतं आणि वाफ्यात गेल्यावर तो आहे तिथेच थांबतो. मागून पेरलेलं तरुण रोप त्याला सहज गाठतं.

पिटुनिया, लोबेलिया, स्नॅपड्रॅगन यांचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला रुजायला उजेड हवा असतो. ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही. पॅन्सीला मात्र अंधार लागतो, तिच्यावर मातीचा पातळ थर द्या. पॉपी, लार्कस्पर आणि स्वीट पी यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. माती हाताळण्याजोगी झाली की ती जागेवरच पेरा, रात्री गार असल्या तरी चालतं. सूर्यफूल आणि नॅस्टर्शियमही जागेवरच, पण माती थोडी कोमट झाल्यावर.

५. काही बियांना आधी थंडी द्यावी लागते म्हणतात. फ्रीजमध्ये ठेवू का?

ठेवता येतं, ओल्या वाळूत किंवा ओल्या कागदात गुंडाळून चार ते सहा आठवडे. पण हिवाळा दारात उभा असताना फ्रीज कशाला? कोलंबाइन, प्रिमरोझ, फ्लॉक्स यांचं बी भोकं पाडलेल्या झाकणाच्या पारदर्शक डब्यात पेरा आणि डबा भर हिवाळ्यात बाहेर ठेवून द्या. बर्फ पडेल, वितळेल, पुन्हा गोठेल. बी आपल्या वेळेला रुजेल. अशा रोपांना बाहेरची सवय वेगळी लावावी लागत नाही (प्रश्न ७).

६. घरातली रोपं लांबुडकी, किडकिडीत होऊन आडवी पडतात. खत कमी पडतंय का?

उजेड कमी पडतोय. खत घातलंत तर आणखी लांब होतील. उत्तरेकडच्या देशांत मार्चमधल्या खिडकीचा उजेड आपल्या डोळ्यांना पुरतो, रोपाला पुरत नाही. दिवा रोज १४ ते १६ तास हवा. ट्यूबलाइट असेल तर शेंड्यापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर. एलईडी जोरदार असेल तर जरा वर. रुजल्यानंतर खोलीही थोडी गारच बरी, १५ ते १८ अंश.

रोपाचं खोड बुडाशी बारीक, काळपट आणि मऊ होऊन ते कोसळत असेल, तर तो उजेडाचा प्रश्न नाही, मर रोग आहे. पाणी कमी करा, वारा खेळू द्या, आणि पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका.

७. छान वाढलेली रोपं बाहेर लावली आणि दोन दिवसांत पानं पांढरी पडली. रोग आहे का?

ऊन लागलंय. दिव्याखाली वाढलेल्या पानाने खरं ऊन आणि वारा पाहिलेलाच नसतो. सात ते दहा दिवस रोपांना सवय लावा: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज वेळ वाढवत कोवळ्या उन्हात, शेवटी पूर्ण दिवस आणि रात्रही. वाऱ्याचा दिवस असेल तर तेवढ्यापुरतं आत. पांढरी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, पण शेंडा जिवंत असेल तर रोप सावरतं. उपटून टाकू नका.

८. अंदाजात किमान तापमान ३ अंश होतं, तरी सकाळी झेंडू काळा पडला. असं कसं?

हवामान केंद्रातला पारा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजतात. आकाश निरभ्र आणि हवा स्तब्ध असली की पान आपली उष्णता थेट वर सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतं. वर ३ अंश असताना वाफ्यात दव गोठलेलं असू शकतं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा धोका कमी. गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन खोलगट जागेत साचते. म्हणून एकाच बागेत खालच्या कोपऱ्यातला झेंडू जातो आणि भिंतीजवळचा राहतो.

अंदाज ३ किंवा खाली आणि चांदणं स्वच्छ, असं असेल तर सूर्य मावळायच्या आत झाडांवर जुनी चादर टाका. चादर जमिनीपर्यंत टेकली पाहिजे, कारण ऊब मातीतून येते. प्लॅस्टिक असेल तर काठ्यांवर ताणा. पानाला चिकटलं तिथे पान जळणारच. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या, ओली माती जास्त ऊब धरते. सकाळी पारा चढला की आच्छादन काढा.

फ्रॉस्ट लागलेलं पान ओळखू येतं. पहाटे ते कडक आणि पांढुरकं असतं, ऊन आलं की गर्द हिरवं आणि पारदर्शक, उकडल्यासारखं, आणि दुपारपर्यंत काळं होऊन लोंबतं. कडक असताना हात लावू नका, पेशी आणखी फुटतात.

९. मग फ्रॉस्ट सोसणारी फुलं कोणती?

पॅन्सी, व्हायोला, कॅलेंड्युला, स्टॉक, ॲलिसम, रुजलेलं स्नॅपड्रॅगन आणि शरदातले ॲस्टर उणे दोन-तीनपर्यंत सहसा तग धरतात. पॅन्सी त्याहून खालीही. झेंडू, झिनिया, डेलिया, इम्पेशन्स पहिल्याच तडाख्यात जातात. हा पहिला तडाखा बहुतेक वेळा एकाच रात्रीचा असतो आणि त्यामागून दोन-तीन आठवडे चांगलं ऊन मिळतं. ती एक रात्र झाकण्याचा कंटाळा करू नका.

१०. हिवाळ्यासाठी आच्छादन कधी घालायचं? आणि वाळलेली झाडं कापायची का?

आच्छादन जमीन गोठल्यावर घालायचं, आधी नाही. हे उलटं वाटतं, कारण आपण झाडाला ऊब द्यायला निघालेलो असतो. खरं काम वेगळं आहे: गोठलेली जमीन गोठलेलीच ठेवणं. माती गोठते, फुगते, दुपारच्या उन्हात सैल होते, रात्री पुन्हा फुगते. या ओढाताणीत उथळ मुळांची झाडं अक्षरशः वर उचकटली जातात आणि मुळं उघडी पडून वाळतात. नव्याने लावलेल्या झाडांना हा धोका सर्वांत जास्त. जमीन घट्ट झाली की १० ते १५ सेंटिमीटर पेंढा किंवा कोरडी पानं पसरा. लवकर घातलंत तर उंदरांना आयतं घर मिळतं.

बर्फ स्वतःच उत्तम आच्छादन आहे. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते, म्हणून फूटभर बर्फाखालची माती हवेपेक्षा कितीतरी उबदार राहते. बिनबर्फाचा उणे २० हा बर्फातल्या उणे ३० पेक्षा वाईट. म्हणूनच वाळलेले देठ मी उभे ठेवण्याच्या बाजूचा आहे: ते बर्फ अडवून धरतात, आणि इकिनेशियाच्या वाळक्या बोंडांवर पक्षी येतात. पिओनी आणि भुरी पडलेले फ्लॉक्स मात्र शरदातच जमिनीलगत कापून बागेबाहेर टाका, नाहीतर रोगाची बुरशी तिथेच हिवाळा काढते.

कुंड्यांना हा हिशेब लागू नाही. कुंडीत थंडी चारी बाजूंनी शिरते आणि मुळं खोडाइतकी काटक नसतात. कुंडीत ठेवायचं झाड आपल्या झोनपेक्षा दोन आकडे खालचं हवं, किंवा कुंडी जमिनीत पुरावी, किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये न्यावी.

११. गुलाब जगतील का?

जगतील, पण निवड चुकली तर कितीही गुंडाळा, उपयोग नाही. नाजूक हायब्रिड टी गुलाब बहुधा कलमी असतात. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, खालचा खुंट फुटतो, आणि गुलाबी लावला होता तिथे भलतंच फूल दिसतं. कलमी गुलाब लावायचाच असेल तर कलमाचा सांधा मातीत १० सेंटिमीटर तरी खाली गाडा.

याहून शहाणपणाचं म्हणजे स्वतःच्या मुळांवर वाढलेले काटक गुलाब घेणं. कॅनडाच्या कृषी खात्याने यासाठीच दोन मालिका तयार केल्या. संशोधक-प्रवाशांच्या नावांची "एक्सप्लोरर" मालिका, त्यातला पहिला "मार्टिन फ्रोबिशर" १९६८ चा, वेलासारखा चढणारा "जॉन कॅबट" १९७८ चा. आणि मॅनिटोबातल्या मॉर्डन इथल्या केंद्रातली "पार्कलंड" मालिका, त्यातला "मॉर्डन ब्लश" १९८८ चा. यांचा शेंडा मेला तरी खालून येणारी फूट त्याच जातीची असते. रुगोसा गुलाब तर बर्फ, वारा, खारं पाणी, सगळं पचवतात. फक्त काटे सांभाळा. छाटणी वसंतात, फांदीवरचे डोळे (जिथून कोंब फुटतात ते) फुगलेले दिसल्यावर करा. शरदात छाटलंत तर कोवळी फूट येऊन ती गोठेल.

१२. पिओनीला दरवर्षी भरपूर पानं, फूल एकही नाही. थंडी जास्त होते का?

पिओनीला थंडी कधीच जास्त होत नाही; तिला कळी धरायला थंडीच लागते. संशय आधी खोलीवर घ्या. तिचे लालसर डोळे मातीच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली हवेत, त्याहून खोल गेले की पानंच पानं. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी बरोबर लावलेली पिओनीही वरून दरवर्षी कंपोस्ट टाकत गेल्याने खोल जाते. शरदात खणून काढून वर लावा. दुसरं कारण सावली, सहा तास ऊन हवंच. तिसरं वय, लावल्यापासून तिसऱ्या वर्षीपर्यंत वाट पाहावी लागते.

कळीवर मुंग्या दिसतात त्या कळीतून पाझरणाऱ्या गोड रसासाठी येतात. त्या कळी उघडत नाहीत आणि नासवतही नाहीत.

थंड जागेचा इथे चक्क फायदा आहे. अलास्कात पिओनी जुलै-ऑगस्टात फुलते, जेव्हा बाकी ठिकाणचा हंगाम आटोपलेला असतो, आणि त्याच जोरावर तिथे कापलेल्या पिओनीचा व्यवसाय उभा राहिला आहे.

१३. हायड्रेंजिया झोनप्रमाणे योग्य, झाड जिवंत, तरी फुलत नाही. का?

मोठ्या पानांची निळी-गुलाबी हायड्रेंजिया गेल्या वर्षीच्या फांदीवर कळी धरते. मुळं वाचतात, फांदी मरते, कळी तिच्याबरोबर जाते. थंड प्रदेशात हायड्रेंजियाच्याच दुसऱ्या जाती, पॅनिक्युलाटा किंवा "ॲनाबेल" सारखी आर्बोरेसेन्स, लावा. त्या त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात, हिवाळ्यात फांदी गेली तरी बिघडत नाही.

१४. शेवंतीला कळ्या लागतात आणि तेवढ्यात बर्फ पडतो. लवकर लावली तर जमेल का?

लवकर लावून झाड मोठं होईल, फुलणार त्याच वेळेला. शेवंती रात्रीची लांबी मोजते. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ती कळी धरत नाही. उत्तरेकडे उन्हाळ्यात रात्र इतकी आखूड असते की कळीचा मुहूर्त लागेपर्यंत फ्रॉस्ट येऊन ठेपतो. कॉसमॉसच्या जुन्या उंच जातींचंही असंच होतं. उपाय एकच, लवकर फुलणाऱ्या जाती घेणं. मिनेसोटा विद्यापीठाने अशा काटक शेवंत्या बऱ्याच तयार केल्या आहेत. नाहीतर शेवंती कुंडीत ठेवा आणि कळ्या दिसल्या की फ्रॉस्टच्या रात्री आत घ्या.

लांब दिवसांवर पोसणारी फुलं याच जागी राजेशाही दिसतात. डेल्फिनियमचे तुरे गार, लांब दिवसांत माणसापेक्षा उंच जातात. वाऱ्यासाठी काठी मात्र आधीच रोवून ठेवा.

१५. डेलिया आणि ग्लॅडिओलसचे कंद जमिनीतच ठेवले तर?

माती गोठते तिथे कुजून जातील. डेलियाचा वरचा भाग फ्रॉस्टने काळा पडू द्या, मग काही दिवसांनी कंद खणा, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये ४ ते ७ अंशांवर ठेवा. महिन्यातून एकदा पाहा: सुरकुतले तर पाण्याचा हलका शिडकावा, मऊ पडले तर तेवढा भाग कापा. ग्लॅडिओलसचे कंद उलट पूर्ण वाळवून, कोरडेच ठेवायचे.

१६. निळी पॉपी खरंच एवढी निळी असते? मला लावता येईल?

असते. उन्हाळा गार आणि दमट असेल तर लावताही येईल. सतत २५ च्या वर जात असेल तर नाद सोडा. ही मेकोनॉप्सिस हिमालय-तिबेटकडची. ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक बेली यांना ती १९१३ मध्ये दिसली आणि वनस्पती-संग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ मध्ये तिचं बी आणल्यावर ती बागांमध्ये पसरली. कॅनडातल्या क्युबेकमध्ये एल्सी रेफर्ड यांनी १९२६ पासून उभी केलेली ग्राँ-मेतीची बाग तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. बी ताजं हवं, माती आम्लधर्मी आणि ओलसर, पण पाणी साचणारी नको. पहिल्या वर्षी कळी आलीच तर खुडा, झाड आधी भरू द्या.

१७. मोगऱ्याला पर्याय काय?

मोगरा जमिनीत जगणार नाही. कुंडीत ठेवा आणि रात्रीचा पारा १० च्या खाली जाऊ लागला की घरात, उजेडाच्या खिडकीशी न्या. बागेत सुवासासाठी लायलॅक, मॉक ऑरेंज आणि स्टॉक लावा. मॉक ऑरेंजची पांढरी फुलं मोगऱ्याच्या सगळ्यात जवळ जातात. गार हवेत वास कमी उडतो, त्यामुळे ही झाडं दुपारचं ऊन साठवणाऱ्या भिंतीपाशी लावली तर संध्याकाळी त्यांचा दरवळ कळतो.

१८. थंडीत फुलांचा रंग गडद होतो की तसा भास होतो?

होतो. लाल, जांभळ्या, निळ्या रंगांमागचं अँथोसायनिन गार रात्री जास्त तयार होतं आणि कमी विरतं. एकाच झाडावर जुलैच्या उकाड्यात उमललेला कॉसमॉस आणि सप्टेंबरमधला कॉसमॉस शेजारी धरून पाहा: दुसऱ्याच्या पाकळीत तळापासून गर्द शिरा चढलेल्या दिसतील. पिवळ्या-केशरी फुलांत फरक इतका दिसत नाही. शिवाय गारव्यात फूल सावकाश पिकतं. उष्ण जागी तीन दिवसांत गळणारी पॉपी इथे जास्त टिकते.

पाहायची वेळ म्हणाल तर तिरपं ऊन. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला, जिथे १९९४ पासून ध्रुवीय आणि पर्वतीय वनस्पतींचं उद्यान आहे, मे महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने सूर्य मावळतच नाही. तिथे मध्यरात्रीही पाकळ्यांतून ऊन आरपार येतं.

१९. काटक फूल म्हणून लावलं आणि आता सगळीकडे तेच. काय करू?

काटकपणाची दुसरी बाजू हीच. आइसलंडमध्ये जमिनीची धूप रोखायला १९४५ मध्ये अलास्काहून ल्युपिन आणलं गेलं. आज निळे डोंगर बघायला लोक येतात आणि स्थानिक वनस्पती त्याखाली दबतात. ल्युपिन असेल तर शेंगा तडकायच्या आत तुरे कापा. उत्तर नॉर्वेत "ट्रॉम्सो पाम" म्हणतात ती छत्रीसारख्या फुलांची उंच वनस्पती तर लावूच नका. तिचा रस अंगाला लागून ऊन पडलं की त्वचा भाजते. आणि डेल्फिनियम, फॉक्सग्लोव्ह, मंक्सहूड विषारी आहेत; घरात लहान मूल असेल तर मंक्सहूड तरी टाळाच.

२०. भर हिवाळ्यात चार दिवस ऊन पडलं आणि ट्यूलिपचे कोंब वर आले. गेले का ते?

सहसा नाही. वर येतात ती पानांची टोकं; फूल अजून खाली कंदापाशी असतं. टोकं पिवळी-तपकिरी पडतील, वसंतात तशीच दिसतील, फुलाला फरक पडणार नाही. काळजी करायची ती कळी बाहेर दिसत असेल तरच. तेव्हा प्रश्न ८ मधलं आच्छादन करा. एरवी फावड्याने बाजूचा बर्फ कोंबांवर ओढा, फक्त मीठ टाकलेल्या रस्त्याकडेचा नको.